न्यू इंग्लिश स्कूलचे पहिले लेखक

कोणत्याही जुन्या माध्यमिक शाळेच्या सभागृहात पाऊल टाकले, की भिंतीवरचे लाकडी फलक प्रथम दृष्टीस पडतात. काळ्या किंवा तांबूस पाटीवर सोनेरी अक्षरांत वर्षे घातलेली असतात आणि प्रत्येक वर्षापुढे एकेक नाव असते. कोणी शिष्यवृत्ती मिळविली, कोणी गणितात पहिला क्रमांक पटकावला, कोणी संस्कृतात. शाळेला ह्या नावांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु पन्नास-शंभर वर्षांनी त्याच फलकाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानी येते. त्या शाळेची कीर्ती ज्यांच्यामुळे पुढे पसरली, त्यांची नावे पुष्कळदा त्या पाट्यांवर नसतात. विशेषतः लेखकांच्या बाबतीत असे फार घडते. परीक्षेच्या मांडवात जो मागे राहिला, तोच पुढे भाषेच्या इतिहासात पुढे गेला, असा अनुभव अनेक शाळांचा आहे.

मग शाळा लेखक घडविते काय? घडवीत असेल तर कशाने? अभ्यासक्रमाने, पाठ्यपुस्तकांनी, की आणखी कशाने? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्या मराठी आईबापांची मुले आज दुसऱ्या भाषेच्या माध्यमातून शिकत आहेत, आणि दिल्लीसारख्या शहरात तर ती बहुतेक तशीच शिकत असतात, त्यांच्या मनात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा असतो. शाळेत मराठी नाही, तर मुलाच्या मनात मराठी राहील कशी, हे त्याचे रूप. ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयास एक शाळा फार सोयीची आहे. ती म्हणजे पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल. तिच्या पहिल्या दहा वर्षांत तिच्या बाकांवर असे विद्यार्थी बसून गेले, की त्यांच्यावाचून आधुनिक मराठी कादंबरीचा, कवितेचा आणि वृत्तपत्री निबंधाचा इतिहास लिहिता येणार नाही.

ही शाळा इ. स. १८८० च्या जानेवारीच्या आरंभी पुण्यात निघाली. तिच्यामागची मूळ उभारी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची. शास्त्रीबोवा त्यापूर्वी सरकारी शाळेत शिक्षक होते. पुण्याहून त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि अखेर १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडून दिली. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात शिकलेले दोन तरुण, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, स्वतंत्र शाळा काढण्याच्या विचाराने भारलेले होते. सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा असताना पोटापुरत्या वेतनावर मुले शिकवावयाची, असा त्यांचा निश्चय होता. महादेव बल्लाळ नामजोशी ह्यांच्यासारखा खटपटी गृहस्थ त्यांना मिळाला, आणि थोड्याच दिवसांत वामन शिवराम आपटे हे संस्कृताचे गाढे पंडितही येऊन मिळाले. पुढे १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले आणि आपटे त्याचे पहिले प्राचार्य झाले. शनिवार पेठेतील रमणबागेमुळे आज ती शाळा ओळखली जाते. तिचा हा जन्मकाळ.

शाळेचे नावच मुळी इंग्रजी, आणि त्यात फसवणूक काही नव्हती. वरच्या इयत्तांत इतिहास, गणित, शास्त्रे हे सारे इंग्रजीतून शिकावयाचे असे. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषांना स्थान उरले नव्हते. त्या पुन्हा तेथे याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी खटपट करावी लागली. हुशार विद्यार्थ्याची दुसरी भाषा बहुधा संस्कृत असे. तेव्हा मराठी गद्य कसे लिहावे, कविता कशी वाचावी, हे वर्गात पद्धतशीर शिकविले जाण्याचा प्रश्नच नव्हता. मराठीचे अभिमानी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी काढलेली शाळाही मॅट्रिक्युलेशनच्या चाकोरीतूनच चालत होती. ती तशी चालली नसती, तर पालकांनी मुले पाठविलीच नसती. असे असता त्या शाळेतून मराठीचे लेखक निघाले, हे कोडे आहे.

ह्या कोड्याचे उत्तर वेळापत्रकात सापडत नाही. ते शिक्षकांच्या वर्गाबाहेरील आयुष्यात सापडते. शाळा निघाली तेव्हा चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ चालू होती. १८७४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ह्या मासिकाचे चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि मराठी गद्याला तिने एक नवी ऐट दिली. शाळेला एक वर्ष होते न होते तोच, १८८१ च्या जानेवारीत, ह्याच मंडळींनी इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’ ही पत्रे सुरू केली. ‘केसरी’चे संपादकत्व आगरकरांकडे आले. म्हणजे सकाळी जे गुरुजी फळ्यापुढे उभे राहत, त्यांचाच लेख आठवड्याच्या ठरल्या दिवशी गावभर वाचला जाई. वामनराव आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता होत असताना ते ह्याच संस्थेत शिकवीत होते. आगरकरांनी तर मराठी वाक्यरचनेचे शास्त्र लिहिले. त्यांची ‘वाक्यमीमांसा’ १८८८ सालची. ह्या शाळेतल्या मुलाला लेखक ही व्यक्ती दूरची, पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरती राहिली नाही. लेखक म्हणजे आपल्याच वाड्यापलीकडे राहणारा, उपरणे सावरीत वर्गात शिरणारा मनुष्य, हे त्याला रोज दिसत होते. लिहिणे हा एक करण्याजोगा उद्योग आहे, आणि तो मराठीत करता येतो, हे त्याला कोणी निराळे सांगावे लागले नाही.

शाळा नवी असतानाच तिच्यात आलेल्या मुलांपैकी एक हरि नारायण आपटे. त्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. बालपण मुंबईत गेले आणि १८७८ च्या सुमारास ते पुण्यास आले. शाळेच्या पुस्तकांपेक्षा इतर पुस्तकांत मन रमणारा हा मुलगा होता. इंग्रजी कादंबऱ्या, संस्कृत काव्ये, मराठी मासिके, हाती येईल ते तो वाची. १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शाळा दोन वर्षांची, पत्रे एका वर्षाची, आणि कर्ता पुरुष निघून गेलेला. पुण्यात त्या वेळी काय वाटले असेल ह्याची कल्पना करता येते. अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी आपले दुःख पद्यात मांडले. ‘शिष्यजनविलाप’ हे त्या काव्याचे नाव. नावातच नाते आलेले आहे. थोर पुरुषावर देशाने रचलेले ते शोकगीत नव्हते. आपल्या मास्तरांवर एका विद्यार्थ्याने रचलेले होते. हरिभाऊ पुढे कवी म्हणून नावारूपास आले नाहीत, तरी त्यांच्या लेखनाचा आरंभ असा शाळेच्या एका रिकाम्या झालेल्या खुर्चीपासून झाला.

त्यानंतर वर्षभरात जे घडले, ते ह्या शाळेच्या इतिहासातले फार बोलके प्रकरण आहे. कोल्हापूरच्या महाराजांच्या प्रकरणात ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ च्या जुलैत टिळक व आगरकर ह्यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. एकशे एक दिवसांनी ते सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी लिहिली, ती प्रसिद्धच आहे. ह्याच बंदिवासात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले होते. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. शिक्षक तुरुंगातून आलेला, देशासाठी शिक्षा भोगून आलेला, गावाने डोक्यावर घेतलेला. त्याचे पुस्तक निघाले म्हणजे विद्यार्थ्यांनी त्याची वाखाणणी करावी, हीच रीत.

हरिभाऊंनी तसे केले नाही. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या तरुणाने ते भाषांतर मूळ नाटकाशी ताडून पाहिले आणि ‘निबंधचंद्रिका’ मासिकात त्यावर बहात्तर पृष्ठांचा टीकालेख लिहिला. एखाद्या पुस्तकावर चार ओळींचा अभिप्राय देऊन मोकळे होण्याचे ते दिवस होते. त्या दिवसांत बहात्तर पृष्ठे लिहिणे म्हणजे एक लहानसे पुस्तकच लिहिणे होय. ह्यातील गुणदोषांची चर्चा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करावी. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की ह्या शाळेच्या हवेत वाढलेल्या मुलाला आपल्या गुरूच्या पुस्तकाची अशी कसून तपासणी करता येईल असे वाटले. त्याला त्यात उद्धटपणा दिसला नाही. आणि हे त्याला शिकविले कोणी? ज्या चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त भल्याभल्या पंडितांची भीड ठेविली नाही, आणि ज्या आगरकरांनी परंपरेलाही बुद्धीच्या न्यायासनापुढे उभे केले, त्यांनीच. शिष्याने गुरूची विद्या गुरूवरच चालवून पाहिली. विचारस्वातंत्र्याचा धडा शाळेने दिला होता की नाही, ह्याची ह्याहून चांगली परीक्षा कोणती?

विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र हरिभाऊ तितके भाग्यवान नव्हते. १८८३ साली ते मॅट्रिक झाले, डेक्कन कॉलेजात गेले, फर्ग्युसन निघाल्यावर तेथे आले. पण गणिताशी त्यांचे कधी जमले नाही. पदवी हाती न येताच कॉलेजचे शिक्षण सुटले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे ह्यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रम ह्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि संस्कृत ग्रंथांच्या सहवासात बसून त्यांनी मराठी कादंबरी लिहिली. ‘मधली स्थिति’ ही पहिली सामाजिक कादंबरी १८८५ सालापासून प्रसिद्ध होऊ लागली. १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातूनच ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः वाचकांपुढे आली. त्यानंतर ‘मी’ आणि ‘उषःकाल’. सामाजिक व ऐतिहासिक मिळून त्यांच्या कादंबऱ्या वीसहून अधिक भरतात. ज्या शेक्सपिअरच्या भाषांतरावरून त्यांनी आगरकरांशी वाद केला, त्याच शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’चे ‘सुमतिविजय’ हे रूपांतर त्यांनी पुढे स्वतः केले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

ज्यांना परीक्षेनेही हात दिला असे एक विद्यार्थी शिवराम महादेव परांजपे. तेही १८६४ सालचेच, जन्म महाडचा. महाड, रत्नागिरी आणि मग पुणे असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १८८४ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. शाळेच्या फलकावर शोभावे असेच हे यश. पण शिवरामपंत लोकांच्या स्मरणात राहिले ते १८९८ साली त्यांनी काढलेल्या ‘काळ’ पत्रामुळे. राज्यकर्त्यांना उघड शब्दांत काही बोलता येत नाही, तेव्हा स्तुतीच्या मिषाने निंदा आणि निंदेच्या मिषाने स्तुती करणारी वक्रोक्ती त्यांनी परजली. संस्कृत काव्यशास्त्रातला अलंकार राजकारणात शस्त्र म्हणून वापरता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. सरकारलाही ते उमगले. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि पुढे ‘काळ’ बंद पडला. ‘निबंधमाले’चा वारसा कोठे गेला असे कोणी विचारले, तर ‘काळा’कडे बोट दाखवावे लागते.

तिसरा विद्यार्थी ह्या दोघांपेक्षा निराळा, आणि बाकावर असताना सर्वांत कमी चमकलेला. कृष्णाजी केशव दामले हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्याला केशवसुत म्हणून ओळखतो. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडचा. वडील शाळामास्तर. घरची ओढग्रस्त, त्यामुळे शिक्षण एका ठिकाणी झाले नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर अशी ठिकाणे करीत तो १८८४ साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाला. बरोबरीची मुले कॉलेजात पोहोचण्याच्या वयात हा शाळेतच होता. १८८९ साली मॅट्रिक झाला तेव्हा त्याचे वय तेवीस वर्षांचे. पुढे त्याने कॉलेजची पायरी चढली नाही.

ह्या अबोल, घुम्या मुलाविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका शिक्षकाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ‘दुर्मुखलेला’ अशी त्याची संभावना केली. वर्गात हशा पिकविणारी अशी वाक्ये शिक्षक सहज बोलतात आणि विसरूनही जातात. पण मुले ती विसरत नाहीत. ह्या मुलाने त्यावर कविता केली, आणि तिला नावही तेच दिले. आपल्या ह्याच म्लान मुखातून एक दिवस गाणी बाहेर पडतील, असा त्या कवितेचा आशय आहे. ज्या शाळेने हरिभाऊंना गुरुजींवर विलाप लिहावयास लावले, तिनेच केशवसुतांना गुरुजींना उत्तर द्यावयास लावले. शाळेचे लेखकावरील ऋण नेहमी गोडच असते असे नाही.

केशवसुतांची आज उपलब्ध असलेली कविता १८८५ पासूनची आहे, म्हणजे ती पुण्याच्या ह्या शाळकरी दिवसांतच सुरू होते. आरंभी संस्कृत काव्याची छाया तिच्यावर स्पष्ट आहे. ‘रघुवंशा’तील भागाचा अनुवाद हा त्यांच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक. परंतु त्यांच्या शाळेच्या अखेरच्या वर्षांत पुण्याचे वातावरण ढवळून निघाले होते. ‘केसरी’च्या चालकांशी मतभेद होऊन आगरकर बाहेर पडले, आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ काढला. जुन्या रूढींवर ‘सुधारका’तून जे प्रहार होत, ते पुण्याच्या प्रत्येक वाड्यात वाचले जात, शिव्या देत का होईना, पण वाचले जात. आगरकरांनी गद्यात जे सांगितले, त्याचा आवेश पाच वर्षांनी केशवसुतांच्या ‘तुतारी’त ऐकू आला. ती कविता १८९३ सालची. त्याच्या आदल्या वर्षी, १८९२ साली, त्यांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतले पहिले सुनीत लिहिले. शहाजहानच्या दिल्लीतील सिंहासनाची आणि आग्र्यातील स्मारकाची ती तुलना चौदा ओळींच्या पाश्चात्त्य बंधात बसविलेली आहे. इंग्रजी शाळेत वाचलेली कविता मराठीत कशी रुजली, त्याचा हा लहानसा पण टिकाऊ पुरावा आहे.

मॅट्रिक झालेला हा कवी पोटासाठी पुन्हा शाळेतच गेला, ह्या वेळी शिक्षक म्हणून. मुंबई-कल्याणकडे काही वर्षे काढल्यावर प्लेगच्या दिवसांत तो खानदेशात गेला. भडगाव, फैजपूर ही त्याच्या नोकरीची गावे. १९०४ साली तो धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचा शिक्षक झाला. ज्याला शाळेत मराठी फारशी शिकावयास मिळाली नव्हती, त्याने ती अखेर शिकविली, आणि तीही कानडी मुलुखात. परंतु हे सुख फार दिवस टिकले नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. चाळिशी गाठली नव्हती. मागे राहिल्या त्या सुमारे एकशे पस्तीस कविता, मासिकांतून विखुरलेल्या आणि वहीत उतरविलेल्या. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही.

येथे ह्या शाळेचे दोन विद्यार्थी पुन्हा एकत्र येतात. हरिभाऊ १८८३ साली शाळेतून बाहेर पडले आणि केशवसुत १८८४ साली आत आले, म्हणजे ते वर्गबंधू नव्हते. परंतु हरिभाऊंच्या ‘करमणुकी’ने केशवसुतांच्या कवितांना जागा दिली, आणि दोघांचा स्नेह जडला. कादंबरी, गोष्टी, चुटके ह्यांसाठी घरोघर वाचल्या जाणाऱ्या पत्रात ह्या नव्या वळणाच्या कविता येत होत्या, हे लक्षात ठेविले पाहिजे. केशवसुतांच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने प्रथम प्रसिद्ध झाली, ती हरिभाऊंनीच केली. त्यानंतर लौकरच, ३ मार्च १९१९ रोजी, हरिभाऊही गेले. आपल्या उमेदीच्या काळातल्या एका उपेक्षित कवीचे ऋण त्यांनी जाता जाता फेडले. पुढे ज्यांनी केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हटले, त्यांच्या हाती आधाराला हेच पुस्तक होते.

मात्र ह्या गौरवकथेची दुसरी बाजू सांगितली नाही, तर इतिहास अपुरा राहील. ह्या शाळेच्या बाकांवर बसणारी मुले बहुतांशी पांढरपेशा वर्गातली होती. ज्या १८८३ साली पुण्यात ‘हॅम्लेट’च्या भाषांतराची चर्चा चालू होती, त्याच साली त्याच पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. त्या पुस्तकातल्या शेतकऱ्याचा मुलगा ह्या शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेला नव्हता. आणि मुलींना तर तेथे जागाच नव्हती. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले ते १८८४ साली, आणि त्यालाही केवढा विरोध झाला!

‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिची निवेदिका यमू ही एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातली मुलगी. तिचे सासर, तिचे थोडेसे सुख, तिचे वैधव्य आणि तिचे सक्तीने झालेले केशवपन हे सारे ती स्वतः सांगते. म्हणजे मुलांच्या शाळेतून शिकून गेलेल्या लेखकाने लेखणी अशा मुलीच्या हाती दिली, जिला त्या शाळेत प्रवेश नव्हता. आगरकर निबंधातून जे तर्काने मांडीत होते, ते हरिभाऊंनी एका मुलीच्या बोलण्यातून वाचकाच्या काळजाला भिडविले. त्याच काळात हरिभाऊंच्या परिचयातल्या काशीबाई कानिटकर शाळेचे तोंडही न पाहता घरीच वाचावयास शिकल्या. त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र लिहिले आणि कादंबरीही लिहिली. काशीबाईंचे उदाहरण शाळांना नम्र करणारे आहे. शाळेवाचूनही लेखक होतो. पण किती काशीबाई वाचावयास न शिकताच संपल्या असतील, ह्याची गणती कोण करणार? शाळेचे खरे काम त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

तेव्हा शाळा लेखक घडविते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर जपून द्यावे लागते. न्यू इंग्लिश स्कूलमधून त्या दहा वर्षांत शेकडो मुले बाहेर पडली. ती वकील झाली, मामलेदार झाली, कारकून झाली. त्यांना तेच शिक्षक होते, तीच पुस्तके होती. हरिभाऊंची वाचनाची भूक, केशवसुतांचा एकाकीपणा, शिवरामपंतांची संस्कृताची जाण, ह्या गोष्टी शाळेने दिलेल्या नव्हत्या. केशवसुतांना पुण्यास येण्यापूर्वी नागपुरात नारायण वामन टिळकांसारखा कवी भेटला होता, हेही विसरता येत नाही. शाळेने बी पेरले नाही. मात्र पेरलेले बी उगवेल अशी हवा तिच्यात होती. ती हवा तीन गोष्टींची होती. शिकविणारे स्वतः लिहीत होते. जे लिहीत, त्याची किंमत तुरुंग भोगून किंवा लोकनिंदा सोसून चुकती करीत होते. आणि त्यांच्याशी मतभेद दाखविण्यास शिष्यांना मज्जाव नव्हता.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतींतून बदलीच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना ह्या कथेतून थोडा धीर आणि थोडी जबाबदारी अशा दोन्ही गोष्टी मिळतात. धीर असा, की वर्गातले माध्यम निराळे होते म्हणून हरिभाऊंची किंवा केशवसुतांची मराठी अडली नाही. इंग्रजीतून आलेली कादंबरी, इंग्रजीतून आलेले सुनीत त्यांनी मराठीच्या घरात आणून ठेविले. जबाबदारी अशी, की त्या मुलांना वर्गाबाहेर सगळीकडे मराठी भेटत होती. ती केवळ घरगुती बोलण्याची मराठी नव्हती. वाद घालणारी, विचार करणारी, छापली जाणारी मराठी त्यांच्या डोळ्यांसमोर रोज घडत होती. पुण्यात ती आपोआप मिळाली. पुण्यापासून दूर ती वडीलधाऱ्यांना मुद्दाम आणावी लागेल. घरात मराठी पुस्तक उघडे पडलेले असावे, वडील मराठीत पत्र लिहिताना मुलाने पाहावे, आईने वाचलेल्या गोष्टीवरून जेवणाच्या वेळी वाद व्हावा, आणि त्या वादात मुलाचे मत चुकीचे असले तरी ऐकून घेतले जावे. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

आणि शिक्षकांसाठीही ह्या कथेत एक गोष्ट आहे. मागच्या बाकावर एखादा मुलगा गप्प बसलेला असतो. गणितात नापास झालेला, वयाने वाढलेला, तोंड उतरलेला. शाळेच्या फलकावर त्याचे नाव लागण्याचा संभव नसतो. त्याला काय म्हणावे, हे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबलेले बरे. १८८६ च्या सुमारास पुण्याच्या एका वर्गात असा एक मुलगा बसला होता, आणि मराठी कवितेची पुढची वाट त्याच्याकडून जाणार होती.